स्वयंपाकघराकडचं वळण

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट नसले तरी जिवंत आहेत. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि इथे सगळं ऐकू जातं. फ्लॅट एवढासा, मी बाथरूममध्ये उसासा टाकला तरी यांना बाहेर कळतं. म्हणून लिहिते आहे.

काम तुमच्याच आवडीचं आहे. यांची आगगाडी.

जिने नकोत म्हणून जुनं घर सोडून तळमजल्यावर आलो. तिथे मागच्या अख्ख्या खोलीत रूळ पसरलेले होते, ते इथे कुठले मावायला! मग खेळण्यांच्या दुकानातून लहान मुलांचे रूळ आणले. ते जेवणाच्या टेबलावर लांबट गोलात बसले, एक वळण खिडकीकडे, एक स्वयंपाकघराकडे. आम्ही आता ताट मांडीवर घेऊन जेवतो, त्याचं काही नाही. पण गाडी त्या रुळांवर टिकत नाही. इंजिन वळतं, पहिला डबा कसाबसा वळतो आणि मागचे धाडकन खाली. टेबलावर नाही, थेट फरशीवर. मग मी हातातलं टाकून धावते, वाकून डबे गोळा करते आणि एकेक चाक रुळावर बसवते. चष्मा तुम्हीच करून दिलेला, तरी त्या चाकांपुढे हात टेकले.

मागच्या महिन्यात मी बाजारात गेले होते. डबा पडला आणि हे स्वतःच उचलायला वाकले. उजवी बाजू साथ देत नाही हे विसरलेच. मी आले तेव्हा हे टेबलाखाली आणि डबा डाव्या हातात घट्ट धरलेला. फारसं लागलं नाही, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दुकानदाराकडे त्या रुळांसाठीच केलेले छोटे डबे होते, तेही आणले. यांनी ढुंकून बघितलं नाही. मोठेच हवेत. पाट्या रंगवायचे तेव्हा उरलेल्या रंगात एकेक डबा स्वतः रंगवलेला, त्या हाताची आठवण म्हणून असेल. मी वाद घातला नाही. गाडी बंद ठेवावी तर जेवत नाहीत.

आता खरं सांगते. ताईने बोलावलंय. पंधरा दिवस ये आणि नुसती झोप, म्हणाली. यांना झटका आल्यापासून मी या घराबाहेर एक रात्र काढलेली नाही, भाऊजी. दिवसा येणाऱ्या बाई राहायला तयार आहेत. जेवण, औषध, अंघोळ, सगळं करतील. पण त्यांची कंबर धरलेली. "वाकून आगगाडी उचलणं मला जमायचं नाही, आणि मी नाही उचलली तर साहेब वाकणार, ते काय मी बघत बसू?" म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नाही. म्हणजे गाडी पडायची थांबली तर मी जाणार, नाही तर नाही.

काही तरी करा.

तुमची वहिनी

१२ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. मला ऐकू येत नाही ही अफवा आहे. डाव्या कानाला उत्तम येतं, फोन मात्र सवयीने उजव्याला लावतो.

तुमचं पत्र वाचून मला एकदम ते कपाट आठवलं. लग्नानंतर आणलेलं, जिन्याच्या वळणावर अडकलेलं. दादा वर, मी खाली, आणि कपाट ना वर जाईना ना खाली येईना. तुम्ही वरून विचारत होता, चहा टाकू की पोलिसांना बोलावू! लांब डब्याचं तेच होतं. त्याची चाकं दोन टोकांजवळ असतात. वळण मोठं असेल तर डबा आरामात फिरतो. पण वळण आवळलं की डब्याचं पोट आत येतं आणि दोन्ही टोकं बाहेर फेकली जातात. डब्यांना जोडणारा आकडा टोकाला घट्ट बसवलेला, तोही बाहेर जातो आणि मागच्या डब्याला कान धरून ओढतो. तो बिचारा पडणार नाही तर काय करणार?

उपाय आहे. चाकं ज्या छोट्या चौकटीत बसवलेली असतात ती चौकट डब्याखाली फिरते. आकडा डब्याच्या अंगावरून काढून त्या चौकटीला लावायचा, म्हणजे चाकं वळतील तसा आकडाही वळेल. दाराखालच्या पायऱ्या चाकांना घासत असतील, त्या कानशीने थोड्या झिजवीन. पोटात थोडं शिसं घालून वजन वाढवीन, तेही अगदी खाली, वर घातलं तर डबा डुलतो. चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू बसवणाऱ्या माणसाला हे काही जड नाही.

डबे दोन-दोन करून पाठवा, म्हणजे दादाची गाडी सुरू राहील. त्याला सांगा, रंगाला नखसुद्धा लागणार नाही. तोपर्यंत गाडी हळू चालवा.

तुमचा धाकटा दीर

२१ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

दोन डबे पाठवलेत, जुन्या टॉवेलात गुंडाळून. टॉवेल परत नको.

कपाटाचं वाचून हसले. पण भाऊजी, एवढ्या मोठ्या पत्रात चाकांची, आकड्यांची, पायऱ्यांचीसुद्धा चौकशी केलीत. मी कशी आहे, हे एका ओळीत नाही. रागावले नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो.

हे डबे बांधताना बघत होते. चेहरा असा, जणू मी त्यांना वसतिगृहात पाठवते आहे.

बोलणं तसंच आहे. डॉक्टर म्हणतात, डोक्यात सगळं आहे पण तोंडापर्यंत येत नाही. एकदा पाणी हवं होतं तर "शिडी" म्हणाले. बाई हसल्या, वाईट मनाने नाही, पण त्या दिवसापासून यांनी तोंडच मिटलं. पूर्वीचं तुम्हाला ठाऊक आहे. दिवसभर आपलं "अगं, पेन्सिल कुठाय", "अगं, ऐकलंस का", "अगं, इकडे ये, हा निळा बरा की तो?" मी वैतागून म्हणायचे, माझं नाव काय ते विसरलात की काय! आता ते एवढंसं "अगं"सुद्धा निघत नाही. हाताशी घंटी आणून ठेवली. वाजवत नाहीत. घंटीने नोकराला बोलावतात, बायकोला नाही, असं तोंड करतात. मग दिवसभर घर गप्प. मध्येच धाडकन गाडी पडते, तेवढाच आवाज.

ताईला मी "बघते" एवढंच कळवलंय.

तुमची वहिनी

८ मार्च

वहिनी,

तुम्ही कशा आहात? हे घ्या, पहिल्याच ओळीत विचारलं. चुकलंच माझं. बायकामाणसांना पत्र लिहायची सवय मोडली आहे, आणि आगगाडी म्हटलं की मला दुसरं काही सुचत नाही, हे दादाकडूनच आलेलं.

पहिले दोन डबे परत पोचलेच असतील. मागून पाठवलेत ते दोनही झाले, या पार्सलात आहेत. तुम्ही आणलेत तसेच रूळ मीही आणले, टेबलावर मांडले आणि माझ्या जुन्या इंजिनामागे दुपारभर गाडी फिरवली. एकदाही पडली नाही. शेजारचे गृहस्थ चष्मा घ्यायला आले ते तासभर बघत बसले आणि चष्मा विसरून गेले.

आता खुशाल ताईंना पत्र टाका आणि पिशवी भरा.

तुमचा धाकटा दीर

१९ मार्च

प्रिय भाऊजी,

पडली.

सांगते कसं झालं. चारही डबे लावले. मी यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. गाडी अशी सुरेख फिरली म्हणून सांगू! लांबलचक डबे त्या एवढ्याशा वळणावर अंग चोरून जात होते. हे माझ्याकडे बघून मान हलवत होते. मी टाळ्या वाजवल्या. मनात म्हटलं, सुटले. उठले, स्वयंपाकघरात जाऊन दूध तापत ठेवलं, आणि मागे धाडकन. शेवटचे दोन डबे फरशीवर. दूध उतू गेलं ते वेगळंच.

तेव्हापासून रोज तेच. पूर्वी कुठल्याही वळणावर पडायची. आता खिडकीकडच्या वळणाला काही होत नाही, पडते ती फक्त स्वयंपाकघराकडच्या. आणि मी तिथे उभी असले की शहाण्यासारखी चालते, पाठ वळली की घात.

ताईला तारीख कळवली होती, ती रद्द केली. खरंच सांगते, एक दिवस सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकणार आहे.

तुमची वहिनी

२७ मार्च

वहिनी,

पोत्यात भरू नका. तुमची पाठ कशी आहे?

मी विचार करून करून डोकं पिकवलं. दोन्ही वळणं एकसारखी आहेत. मग एकीकडे पडते आणि दुसरीकडे नाही, याचा अर्थ एकतर त्या वळणाच्या रुळांत खोट आहे, नाहीतर टेबल तिकडे उतरतं आहे. बाईंच्या मदतीने रुळांचा अख्खा गोल उलटा फिरवा, म्हणजे खिडकीचं वळण स्वयंपाकघराकडे येईल. आता गाडी खिडकीकडे पडली तर दोष रुळांचा. मग टेबलावर गोटी ठेवून बघा, घरंगळली तर दोष टेबलाचा.

कळवा.

तुमचा धाकटा दीर

५ एप्रिल

प्रिय भाऊजी,

गोल फिरवला. बाईंनी एका बाजूने धरला आणि वर ऐकवलं, "यासाठी पगार वेगळा." हे बघत होते. काही बोलले नाहीत, म्हणजे बोलतच नाहीत, पण खुणेनेही काही नाही.

गाडी पडली ती पुन्हा स्वयंपाकघराकडेच. गोटी जिथे ठेवली तिथे गप्प बसून राहिली. म्हणजे खोट रुळांची नाही, टेबलाची नाही, माझ्या नशिबाची आहे.

काल डबे उचलायला वाकले आणि उठताच येईना. तिथेच फरशीवर बसून राहिले. हे वरून बघत होते, डोळे अगदी कासावीस. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. मग बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. नळ यासाठी की यांना ऐकू जाऊ नये. ताईचं यांना मी अजून सांगितलेलंच नाही. आपल्यामुळे हिचं जाणं अडलं, असं वाटायला नको.

उद्या ताईला कायमचं नाही कळवून टाकते. तुम्ही खूप केलंत. आता राहू दे.

तुमची वहिनी

११ एप्रिल

वहिनी,

ताईंना नाही कळवू नका. कळवलं असेल तर दुसरं पत्र टाका.

मी येतो आहे. दुकानाला पंधरा दिवस कुलूप. मी असताना दादा वाकणार नाही आणि बाईंनाही वाकावं लागणार नाही. हे मला पहिल्याच पत्राला सुचायला हवं होतं, पण तुम्ही गाडीबद्दल विचारलंत आणि मी गाडीतच अडकलो.

दोष डब्यात नाही, एवढं मला आता कळलंय. कशात आहे ते तिथे येऊन बघतो.

दादाला ताईंकडे जात असल्याचं तुम्हीच तोंडाने सांगा. लपवू नका.

तुमचा धाकटा दीर

२४ एप्रिल
(तुमच्याच टेबलावरून)

वहिनी,

झोप झाली का? दादा बरा आहे. जेवतो, माझ्या हातचं जेवतो म्हणजे खरंच बरा आहे.

आता ऐका. तुम्ही गेल्यावर पहिले दोन दिवस गाडी चालली आणि एकदाही पडली नाही. मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसलो, दार लोटून घेतलं, भांडी वाजवली. काही नाही. तिसऱ्या दिवसापासून दादाने गाडी लावलीच नाही. इंजिन उभं, हा खिडकीबाहेर बघत बसलेला.

परवा टेबल पुसताना मला दादाच्या खुर्चीजवळचा टेबलाचा पाय दिसला. आतल्या बाजूने, गुडघ्याच्या उंचीला, पॉलिश पार गेलेलं. बाकी तीन पाय चकचकीत. मी तुमचे छोटे डबे लावले, गाडी सोडली आणि माझ्या गुडघ्याने टेबल ढकललं. काही झालं नाही. जोरात ढकललं, तरी नाही. मग मोठे डबे लावले. ते स्वयंपाकघराकडच्या वळणावर आल्यावर ढकललं, तर दुसऱ्या-तिसऱ्या धक्क्याला दोन डबे खाली. लांब डबा आवळ वळणावर आधीच रुळाच्या काठावर उभा असतो, मी आकडे बदलले तरी. त्याला निमित्त पुरतं. म्हणून दादाला छोटे नको होते, वहिनी.

मी त्याला तोंडावर विचारलं, "तू पाडतोस?" तो हसला, अर्ध्या तोंडाने. मग रडला. खूप वेळ.

खुणांनी जेवढं कळलं ते सांगतो. सुरुवातीला खरंच आपोआप पडत होती. ती पडली की तुम्ही येता, शेजारी बसून चाकं लावता, बडबडता, हे त्याच्या ध्यानात आलं. माझ्या दुरुस्तीने ती पडायची थांबली आणि तुम्ही यायच्या थांबलात. स्वयंपाकघराकडेच का, असं विचारलं तर डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली, अगदी दोन पावलं. तुम्हाला लांब चालत यावं लागू नये म्हणून! फरशीवर वाकायला लागतं, त्याचं मात्र याला सुचलं नाही. मी सांगितलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी त्याने तोंड उघडलं. मला वाटलं काही भलतंच येणार. "अ" एवढाच आवाज आला, पुढचं आलं नाही. वहिनी, त्याला तुम्हाला हाक मारायची असते.

तुमचा धाकटा दीर

२९ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र वाचलं आणि मला राग आला. खूप आला. ताई म्हणाली, किती प्रेम ग त्यांचं! मी तिच्यावरच ओरडले. प्रेम असेल तर माझ्या पाठीचं काय? उठता न येणारी मी फरशीवर बसले होते तेव्हा हे वरून बघत होते ना? घंटी होती हाताशी. वाजवायची होती. एवढा कसला मान!

मग झोपले. इथे आल्यापासून झोपतेच आहे. संध्याकाळी उठले आणि चहा घेताना एकदम आठवलं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. जन्मभर दुसऱ्यांच्या हाका जोडून दिल्या. नुसत्या श्वासावरून ओळखायचे की पलीकडचं माणूस घाबरलंय, की रडतंय, की बोलायचं नाहीये पण ठेवायचंही नाहीये. आणि माझ्याच घरात रोज कोणी तरी मला हाक मारत होतं, तर मी कानशी आणि गोटीच्या मागे लागले होते.

राग गेलेला नाही. दोन्ही आहे. दमलेल्या माणसाला दोन्ही एकदम होतं, हे मला नवीन नाही.

पंधरा दिवस पुरते घेऊनच येणार आहे. एक दिवस आधी येणार नाही, हे यांना सांगा.

तुमची वहिनी

१४ मे

प्रिय भाऊजी,

पोचलात ना नीट? टेबलाच्या कडेने तुम्ही पट्टी ठोकून आत जुनी घोंगडी लावून गेलात, ते फार छान झालं. डबे आता टेबलावरच पडतात, बाईसुद्धा उभ्या उभ्या उचलतात. थंडीत मी पुन्हा ताईकडे जाणार आहे, यांनीच कॅलेंडरवर डाव्या हाताने खूण केली. खूण वेडीवाकडी आहे, पण केली.

मी आले त्या दिवशी पिशवी ठेवली, तोंड धुतलं, भाजी घेऊन टेबलाशी बसले. आता निवडणं-टिपणं तिथेच करते. मी बसलेली असते तोवर गाडी मुकाट फिरते. दमते मी अजूनही, भाऊजी. रात्री तीनदा उठायचं ते आहेच, पाठ आहेच. पंधरा दिवसांची झोप चार दिवसांत संपली. ते काही बदललेलं नाही.

पण मला स्वयंपाकघरात जावं लागतंच. आणि गेले की घरंगळल्यासारखा आवाज, धप्प. आता मी धावत नाही. तिथूनच म्हणते, "आले, आले." गॅस बारीक करते आणि येते.

आता कामाचं. तुम्ही आकडे फार पक्के बसवून ठेवलेत. हे गुडघ्याने टेबल ढकलतात, गाडी आपली वळून निघून जाते. पुन्हा ढकलतात, पुन्हा जाते. काल किती तरी वेळ टेबलाची कुरकुर ऐकत मी पोळ्या लाटत होते. शेवटी गाडी पडलीच नाही, तरी मी "आले" म्हटलं आणि गेले. हे घामाघूम झाले होते.

दोन डबे पाठवते आहे, टॉवेलात गुंडाळून. त्यांचे आकडे होते तसे जुन्या जागी लावून द्या. जरासा धक्का लागला की पडेल, इतपतच. यांचा गुडघा दुखायला लागलाय.

तुमची वहिनी